मॅटप्लॉटलिब: अक्षर एक पिक्सेल हलवायला वर्षे का लागतात

पायथनमध्ये आलेख काढणारा माणूस आज ना उद्या मॅटप्लॉटलिबपाशी येतोच. डेटा हाताळणाऱ्या पांडासमधून थेट काढलेला आलेख असो की सांख्यिकी आलेखांच्या सीबॉर्नचा, तळाशी तीच लायब्ररी (तयार कोडचा संच) असते. तिच्यात सुधारणा करायला आलेल्या नवख्याला मात्र एक गोष्ट कळत नाही: चार ओळींच्या बदलावर इतकी चर्चा कशाला? त्याचे उत्तर लायब्ररीच्या इतिहासात आहे.

जॉन हंटर हे मेंदूविज्ञानाचे संशोधक. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागावरून नोंदवलेले विद्युत संकेत पाहण्यासाठी त्यांच्या प्रयोगशाळेत विकतचे सॉफ्टवेअर होते. परवाना एकच आणि तोही संगणकाला जोडायच्या छोट्या उपकरणावर, म्हणजे हार्डवेअर डाँगलवर, त्यामुळे सगळ्यांना पाळीपाळीने काम करावे लागे. हंटर यांनी आधी मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये पर्याय तयार केला. तो अपुरा पडला तेव्हा ते पायथनकडे वळले आणि 2003 मध्ये मॅटप्लॉटलिबची पहिली आवृत्ती आली. मॅटलॅब वापरणाऱ्यांचा हात अडू नये म्हणून आज्ञा जवळजवळ तशाच ठेवल्या होत्या. माणसे त्यामुळेच भराभर आली, पण त्या काळची ‘जेट’ ही इंद्रधनुषी रंगपट्टीही डिफॉल्ट, म्हणजे काही न सांगता लागू होणारी, म्हणून सोबत आली.

पुढे हबल दुर्बिणीचे काम पाहणाऱ्या बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटने पाठबळ दिले. 2011 मध्ये कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर गेला आणि बाहेरच्या माणसालाही पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदलाचा प्रस्ताव, पाठवणे सोपे झाले. 28 ऑगस्ट 2012 रोजी हंटर यांचे निधन झाले. मायकेल ड्रेटबूम आणि नंतर थॉमस कॅस्वेल यांनी धुरा घेतली. एकट्याच्या लायब्ररीची ती अनेकांची झाली होती, आणि अनेकांचे हात लागणार असतील तर कोणाच्या बदलाने काय मोडले हे यंत्रानेच सांगायला हवे.

ते सांगणारी व्यवस्था म्हणजे चित्रतुलनेच्या चाचण्या. चाचणी एक आलेख काढते आणि रेपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) ठेवलेल्या प्रमाण चित्राशी, म्हणजे बेसलाइनशी, पिक्सेलगणिक ताडून पाहते. फरकाची मर्यादा मुळात शून्य. चाचणी नापास झाली की अपेक्षित चित्र, प्रत्यक्ष चित्र आणि दोहोंतला फरक दाखवणारे तिसरे चित्र एका फोल्डरमध्ये पडते. आकड्यांवरून तर्क करण्याआधी ते तिसरे चित्र उघडावे. फक्त अक्षरांच्या कडा उजळलेल्या असतील तर दोष बहुधा आलेखाच्या कोडमध्ये नसून फाँट उमटवणाऱ्या फ्रीटाइपच्या आवृत्तीत असतो. अक्षरांच्या कडा पिक्सेलच्या चौकटीत बसवण्याची रीत आवृत्तीगणिक बदलते, म्हणून चाचण्यांसाठी फ्रीटाइप 2.6.1 हीच आवृत्ती वर्षानुवर्षे पक्की धरली गेली. आणखी एक नेहमीची फसगत: पीडीएफ आणि एसव्हीजी ताडायला घोस्टस्क्रिप्ट आणि इंकस्केप लागतात. ते मशीनवर नसतील तर त्या चाचण्या गुपचूप वगळल्या जातात, आपल्याकडे सगळे हिरवे (पास) दिसते आणि प्रकल्पाच्या सर्व्हरवर लाल (नापास) होते.

या व्यवस्थेची खरी कसोटी 2.0 या आवृत्तीने घेतली. जेटमध्ये उजळपणा सलग वाढत नाही. पिवळ्या आणि आकाशी पट्ट्यांपाशी डेटात नसलेल्या कडा दिसतात, आणि कृष्णधवल छपाईत दोन्ही टोके सारखीच काळपट होतात. स्टेफान व्हॅन डर वॉल्ट आणि नॅथनिएल स्मिथ यांनी उजळपणा एकसारखा चढणारी ‘व्हिरिडिस’ तयार केली. 2015 मध्ये 1.5 आवृत्तीत ती पर्याय म्हणून आली आणि जानेवारी 2017 मध्ये 2.0 त डिफॉल्ट झाली. त्याच वेळी आलेखाचा डिफॉल्ट आकार 80 डीपीआयला (दर इंचाला 80 ठिपके) 8 बाय 6 इंच होता, तो 100 डीपीआयला 6.4 बाय 4.8 इंच झाला. दोन्हींचे पिक्सेल 640 बाय 480 च राहतात, हे मुद्दाम. जुनी बेसलाइन चित्रे मात्र बदलली नाहीत. जुन्या चाचण्या ‘क्लासिक’ शैलीत चालत राहिल्या आणि नव्या चाचणीत ‘एमपीएल20’ शैली सांगायची असा नियम झाला. हा निर्णय शहाणपणाचा होता, कारण गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, गेलेले चित्र पुसले तरी इतिहासात राहते आणि प्रत्येक क्लोन (उतरवून घेतलेली प्रत) जड होतो. म्हणूनच आजही बदल तपासणारा रिव्ह्यूअर विचारतो: नवे चित्र खरेच हवे का? एकच आलेख दोन मार्गांनी काढून ते जुळतात का, एवढे बघून भागणार नाही का? चित्र लागलेच, तर मजकुराचा संबंध नसताना तो काढून टाकावा.

नियमही यातूनच घडले. कोडच्या बदलाला साधारणपणे लायब्ररी सांभाळणाऱ्या दोन मेंटेनरची संमती लागते. जुने फंक्शन थेट काढता येत नाही; किमान दोन किरकोळ (3.1, 3.2 अशा) आवृत्त्यांत इशारा द्यावा लागतो आणि पुल रिक्वेस्टच्या क्रमांकाने टिपण जोडावे लागते. मार्च 2020 च्या 3.2 आवृत्तीत अक्षरांमधील अंतराची चूक सुधारली, तेव्हा जुन्या चित्रांसाठी एक सेटिंग ठेवावे लागले. त्याच्या किमती दोनच: 0 म्हणजे योग्य अंतर, 6 म्हणजे जुनी चूक. बाकी आकड्यांना अर्थ नाही.

मराठी वापरणाऱ्याला याची झळ थेट लागते. डिफॉल्ट देजावू सान्समध्ये देवनागरी नाही, म्हणून ‘पाऊस’ लिहिले की रिकामे चौकोन आणि ‘ग्लिफ 2346’ (ग्लिफ म्हणजे फाँटमधली अक्षराची आकृती) सापडत नसल्याचा इशारा येतो. 2346 हा ‘प’चा युनिकोड क्रमांक. 2022 च्या 3.6 पासून फाँटची यादी देता येते, त्यामुळे देजावूमागे नोटो सान्स देवनागरी लावला की चौकोन जातात. पण ‘मिमी’मधली पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न राहता उजवीकडे जाऊन बसते आणि ‘महाराष्ट्र’मध्ये हलन्त उघडे पडतात, कारण 3.10 पर्यंतच्या आवृत्त्यांत अक्षरे युनिकोडच्या क्रमाने एकापुढे एक ठेवली जातात, जोडाक्षरांची जुळणी होत नाही. एमपीएलकैरो हे बाहेरचे बॅकएंड, म्हणजे चित्र प्रत्यक्ष उमटवणारा भाग, राक्म लायब्ररीच्या मदतीने ती जुळणी करते. मुख्य लायब्ररीत हेच आणायचे तर मजकूर असलेली बेसलाइन चित्रे हलतात. त्यासाठी मजकुराचे सगळे बदल एका वेगळ्या शाखेत साठवून चित्रे एकदाच नव्याने काढायची, असा मार्ग निवडला गेला. तिथे देवनागरीचे चित्र बेसलाइन म्हणून स्वीकारण्याआधी ‘ष्ट्र’ आणि ‘र्‍या’ बरोबर उमटले का हे वाचून सांगणारा माणूस लागतो. त्यासाठी सी++ यायलाच हवे असे नाही.