सावद्याची केळी आणि कावासाकीचा ताप

अमळनेरहून भाच्याचा फोन आला. त्याचा चार वर्षांचा मुलगा कावासाकी आजारातून, म्हणजे लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना दाह आणणाऱ्या तापातून, नुकताच घरी आलेला. रिपोर्टात ड जीवनसत्त्व १४, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी ज्ञान पाजळलेलं की ‘डी कमी पडलं म्हणूनच कावासाकी होतो’. भाचा वैतागून म्हणाला, “मामा, आपलाकडे ऊन कमी शे का?”

ऊन कमी नाहीच. मेच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी आपली सावली पायाखाली गडप होते, इतका सूर्य डोक्यावर असतो. पण त्या ४५ अंशांत पोर कूलरसमोर, बंद काचेच्या आत. ज्या अतिनील किरणांनी कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, ते काचेतून आत येतच नाहीत. तेव्हा उन्हाच्या मुलखातही कमतरता असू शकते. पण मला खरी गंमत वाटते ती त्या १४ आकड्याची.

रक्तात ड जीवनसत्त्व सुटं फिरत नाही. यकृत एक वाहक प्रथिन बनवतं, त्यावर बहुतेक साठा बसून जातो, थोडा अल्ब्युमिन या रक्तातल्या दुसऱ्या प्रथिनावर. प्रयोगशाळा मोजते ती मुख्यतः ही लादलेली बेरीज. आता अंगात दाह भडकला की यकृत आपली कामं बदलतं. सीआरपी हे दाहाची वर्दी देणारं प्रथिन धडाधड बनवायला घेतं, अल्ब्युमिन आणि हे वाहक प्रथिन मागे पडतं. शिवाय दाहात केशवाहिन्या पाझरू लागतात, प्रथिनं रक्ताबाहेर झिरपतात. केळी रेल्वेने पाठवणाऱ्या सावद्याला वॅगनच कमी लागल्या, तर भुसावळला वॅगन मोजणारा म्हणेल, ‘यंदा केळी बुडाली’. बागेत घड लटकताहेत, ते त्याला कुठे दिसतात! गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसांतही ही पातळी दोन-तीन दिवसांत घसरलेली दिसली आहे. तेवढ्यात त्यांचं ऊन कुणी चोरलं नव्हतं.

म्हणून कावासाकीच्या मुलांत ही पातळी निरोगी मुलांपेक्षा कमी आढळते, हे काही अभ्यासांत दिसलं असलं तरी कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे त्यावरून ठरत नाही. उलट दिशेचा धागाही आहे: जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी स्वतःच २५-हायड्रॉक्सी डीपासून (रिपोर्टात मोजतात ते ड जीवनसत्त्वाचं रूप) सक्रिय रूप घडवतात, ते केंद्रकातल्या ग्राहीला चिकटतं आणि एनएफ-कप्पा-बीसारख्या दाह पेटवणाऱ्या साखळ्यांना लगाम घालतं. म्हणजे मुळात साठाच कमी असेल तर दाह जास्त भडकू शकेल. शक्यता आहे, पुरावा नव्हे. ६० हजार युनिटची पुडी मनाने देत सुटलं तर रक्तात कॅल्शियम चढतं, ते वेगळंच दुखणं.

टोमिसाकु कावासाकी या जपानी बालरोगतज्ज्ञाने १९६७ साली ५० मुलांचं वर्णन छापलं. मूळ कारण आजही हाती लागलेलं नाही. पाच दिवस न उतरणारा ताप, पू नसलेले लाल डोळे, फुटलेले ओठ, स्ट्रॉबेरीसारखी खरखरीत जीभ, अंगावर पुरळ, सुजलेले हातपाय, मानेला गाठ. सगळी लक्षणं एकदम दिसतीलच असं नाही. आपल्याकडे पुरळ दिसलं की ‘गोवर निघाला’ म्हणत उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवतात आणि दिवस मोजत बसतात. इथे दिवसच महाग असतात. उपचार न झालेल्या साधारण चारांतल्या एका मुलाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीला फुगा येतो. तापाच्या पहिल्या दहा दिवसांत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडांचं औषध) गेलं तर हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास उतरतं.

भाच्याच्या पोराला ते आठव्या दिवशी मिळालं. आता बोटांच्या टोकांची सालं निघताहेत, नखांच्या कडेपासून, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. त्याला घाबरू नको म्हटलं, या आजारात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तसं होतं. “मग डीचं काय?” सीआरपी खाली आल्यावर डॉक्टरांना विचारून पुन्हा मोज, म्हटलं. आणि इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, पुढची तारीख कोणती, ते आधी सांग.