मंगेशीचं कीर्तन ते ‘मत्स्यगंधा’ : अभिषेकीबुवांच्या सुरुवातीच्या वर्षांची पार्श्वभूमी

१ मे १९६४ या दिवशी दि गोवा हिंदु असोसिएशनने वसंत कानेटकरांचं ‘मत्स्यगंधा’ रंगमंचावर आणलं. संगीत जितेंद्र अभिषेकींचं होतं. वय ३४. गोवा मुक्त होऊन जेमतेम अडीच वर्षं झाली होती. ‘गर्द सभोंवती’, ‘गुंतता हृदय हे’, ‘देवाघरचे ज्ञात कुणाला’ ही पदं त्या नाटकातून बाहेर पडली ती आजपर्यंत परत गेलेली नाहीत. गोव्यात आज एखादा तरुण संगीतकार नव्या संगीत नाटकाला चाली देतो, तेव्हा पहिल्या प्रयोगानंतर लोक त्याला याच चालींशेजारी उभं करून पाहतात. तुलना करायला हरकत नाही. फक्त त्या चालींच्या आधीची पंचवीस-तीस वर्षंही माहीत असावीत, एवढ्यासाठी हे टिपण.

अभिषेकींचा जन्म २१ सप्टेंबर १९२९चा, मंगेशीचा. मूळ आडनाव नवाथे. मंगेशाच्या देवळातल्या अभिषेकाच्या सेवेवरून घराण्याला ‘अभिषेकी’ हे नाव पडलं. वडील पुजारी आणि कीर्तनकार होते. मुलाला स्वरांची पहिली ओळख घरात झाली ती त्यांच्याकडून. ही गोष्ट चरित्राच्या पहिल्या ओळीत सांगून सगळे पुढे जातात. मला वाटतं, थांबायचं ते इथंच.

गोव्यात देवळात कीर्तन ऐकलेल्याला हे लगेच कळेल. बुवा उभे असतात, निरूपण चालू असतं. आवाज बोलण्याचाच, पण पेटीवर षड्ज धरलेला असतो आणि बुवांचं बोलणंही नकळत त्याच पट्टीत आलेलं असतं. गोष्ट एका जागी येऊन ठेपते, हातातली झांज किंचित वर उचलली जाते, आणि वाक्याचा शेवटचा शब्द हाच पदाचा पहिला शब्द होतो. बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही. पद दोन-तीन मिनिटांत आटोपतं, कारण आख्यान पुढे जायला हवं. लोक गाण्यासाठी बसलेले असतात तसेच गोष्टीसाठीही बसलेले असतात. हे सगळं ज्या मुलाने रोज, अगदी बुवांच्या पायाशी बसून पाहिलं, त्याला पुढे नाट्यपद म्हणजे काय हे वेगळं शिकावं लागलं नसणार.

मराठी संगीत नाटकाचा उगमही याच बाजूचा. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ (१८८०) आणि ‘सौभद्र’ (१८८२) या नाटकांतली पदं साकी, दिंडी, ओवी अशा कीर्तनातल्या ओळखीच्या वळणांवर चालत होती. पुढे ख्याल-ठुमरी आली. १९११च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, १९१६च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी. राग भरपूर आला, गायकी आली, त्याबरोबर वन्समोअरही आले. एकेक पद पंधरा-वीस मिनिटं रंगायचं. तो वैभवाचा काळ होताच, त्याबद्दल दुमत नाही. पण समोरचं पात्र तोवर हात बांधून उभं राहायचं आणि रात्र उजाडायची. बोलपट आल्यावर ही रात्रभराची बैठक टिकली नाही.

मंगेशीला हा इतिहास परका नव्हता. मास्टर दीनानाथ मंगेशकर त्याच गावचे, जन्म १९००चा. १९१८मध्ये त्यांनी बळवंत संगीत मंडळी ही नाटक कंपनी काढली. १९२७च्या ‘रणदुंदुभि’तली, वझेबुवांच्या चालींची त्यांची पदं आजही गोव्यातल्या स्पर्धांत ऐकू येतात. दीनानाथ १९४२मध्ये गेले तेव्हा अभिषेकी १२ वर्षांचे होते. गावातला एक मुलगा गाण्याच्या बळावर सबंध महाराष्ट्र जिंकून येतो, हे मंगेशीतल्या पोरांनी कथा म्हणून ऐकलेलं नव्हतं, शेजार म्हणून पाहिलेलं होतं.

पण पोर्तुगीज अंमलातल्या गोव्यात राहून पुढचं शिक्षण होण्यासारखं नव्हतं. सुरुवातीचे धडे गोव्यातल्याच गिरिजाबाई केळेकरांकडे झाले. मग घाट ओलांडावा लागला. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांनाही गाव सोडून मुंबईच गाठावी लागली होती. अभिषेकी संस्कृत घेऊन पदवीधर झाले. ही पदवी पुढे किती कामाला आली हे त्यांच्या चाली ऐकताना कळतं. ‘यतिमन मम मानित’सारखं संस्कृतप्रचुर पद त्यांच्या चालीत कुठेही अडखळत नाही, जोडाक्षर कुठे दाबायचं आणि कुठे सोडायचं हे चालीतच ठरलेलं असतं.

गाणं ते अनेकांकडे शिकले. आग्रा घराण्याचे जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणीदास’, मग अजमत हुसेन खाँ ‘दिलरंग’. पुढे जयपूर घराण्याच्या अनवट रागांसाठी गुलूभाई जसदनवाला. त्या काळात एका गुरूचा गंडा बांधून शिष्यत्व घेतल्यावर दुसऱ्याचा उंबरा चढणं सगळ्यांना रुचत नसे. अभिषेकींनी ते उघडपणे आणि आदर राखून केलं. आग्रा घराण्यातून त्यांनी बोल घेतले: शब्द तोडून, लयीत वाटून, निरनिराळ्या वजनांनी म्हणण्याची रीत. कीर्तनात वाढलेल्या माणसाला ही रीत जवळची वाटली असणार, असं मला नेहमी वाटतं.

मधल्या काळात ते आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर नोकरीला होते. फार दिवस नाही, पण ही नोकरी संगीतकार म्हणून त्यांची पहिली खरी शाळा. रेडिओवर कविता हातात पडते, वेळ ठरलेली असते, गायक कोण हे दुसऱ्याने ठरवलेलं असतं आणि वाद्यं जी हजर असतील ती. चाल त्यात बसवायची. अनेक गाणारे-वाजवणारे तिथे रोज भेटत. याच सुमारास अजमत हुसेन खाँसाहेबांकडे पुढचं शिक्षण घेण्यासाठी त्यांना शिष्यवृत्ती मिळाली. म्हणजे एकीकडे मोजक्या मिनिटांची गाणी बांधणं आणि दुसरीकडे एका रागात तास न् तास बुडून जाणं, दोन्ही बरोबरच चाललं होतं.

तिकडे गाव दुरावलं होतं. १९५५मध्ये भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, रेल्वे बंद पडली, हद्द ओलांडणं जिकिरीचं झालं. मुंबईतल्या गोवेकरांना घरची जत्रा चुकायची, पालखी चुकायची. गिरगावातली दि गोवा हिंदु असोसिएशन ही १९१९पासूनची संस्था अशा माणसांना धरून होती आणि तिचा कलाविभाग नाटकं करत होता. ‘मत्स्यगंधा’ याच घरातून आलं. पराशर झालेले रामदास कामत मूळचे म्हापशाचे, सत्यवती झालेल्या आशालताही गोव्याच्या. परक्या शहरात गावची माणसं एकत्र आली आणि नाटक उभं राहिलं.

संगीत नाटकाला नव्याने धुगधुगी तेव्हा आलीच होती. १९६०मध्ये वसंत देसाईंच्या संगीताचं ‘पंडितराज जगन्नाथ’ आणि छोटा गंधर्वांच्या चालींचं ‘सुवर्णतुला’ आलं, १९६३मध्ये ‘मंदारमाला’. ‘मंदारमाला’चे संगीतकार राम मराठे हेही जगन्नाथबुवांचेच शिष्य. एका गुरूचे दोन शिष्य लागोपाठच्या वर्षांत रंगभूमीला चाली देतात आणि दोघांच्या वाटा किती वेगळ्या! मराठ्यांच्या पदांत मैफलीचा जोम आहे. अभिषेकींनी मैफल रंगमंचावर आणली नाही. प्रसंग जितका पेलेल तितकंच गाणं ठेवलं आणि गाणाऱ्याचा गळा पाहून चाल बांधली.

‘गर्द सभोंवती’ घ्या. आशालता बैठकीच्या गवई नव्हत्या, गाणाऱ्या नटी होत्या. या चालीत तानांची परीक्षा नाही. शब्द रानाचे आहेत, स्वर शब्दांना वेढून हळूहळू चढतात आणि साध्या गळ्यालाही अवघडल्यासारखं होऊ देत नाहीत. आमच्याकडे जत्रेच्या नाटकाच्या तालमीत एका शिक्षिकेला हे पद बसवताना मी पाहिलं आहे. देवळाच्या मंडपात, रात्री दहानंतर, सतरंजीवर पेटी, तबला आणि चहाचे ग्लास. तिने काळी पाचमध्ये, म्हणजे उंच पट्टीत, सुरू केलं आणि दुसऱ्या ओळीला गळा चिरला. पेटीवाल्या काकांनी पट्टी बदलली नाही. म्हणाले, “बाय, पद सोड. आदलं वाक्य म्हण बघू.” तिने वाक्य म्हटलं. त्यांनी भाता धरला आणि त्या बोलण्याच्या शेवटालाच सूर लावला. “आता हातूनच वर वच.” म्हणजे इथूनच वर जा. तिचा आवाज मोठा झाला नाही, पण चिरलाही नाही. काका पेटी वाजवायला शिकले ते कीर्तनकारांच्या साथीला बसून.

याउलट रामदास कामतांच्या वाट्याची पदं. गळा तयार, दमसास मोठा, म्हणून तिथे चाल मोकळी सुटते, वर झेपावते. एकाच नाटकात एकाच संगीतकाराने दोन गळ्यांना दोन न्याय लावले.

पुढची तीन वर्षं भराभर गेली. १९६६मध्ये वि. वा. शिरवाडकरांचं ‘ययाति आणि देवयानी’ आलं. ‘सर्वात्मका सर्वेश्वरा’ आज गोव्यात शाळेच्या प्रार्थनेपासून भजनी मंडळांपर्यंत सगळीकडे पोचलं आहे, आणि ‘हे सुरांनो चंद्र व्हा’ने चारुकेशी हा मूळचा कर्नाटक संगीतातला राग घराघरांत नेला. त्याच वर्षी कानेटकरांचं ‘लेकुरे उदंड जाली’ आलं. तिथे शास्त्रीय संगीताचा भार नाही; बोलण्याच्या लयीतच गाणी धावतात. ज्यांना अभिषेकी फक्त रागदारीचे संगीतकार वाटतात त्यांनी हे नाटक आवर्जून ऐकावं.

मग २४ डिसेंबर १९६७. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं ‘कट्यार काळजात घुसली’. पंडितजी आणि खाँसाहेब या दोन गवयांच्या, दोन घराण्यांच्या वैराचं नाटक. इथे संगीतकाराला एक विलक्षण काम पडलं: दोन गायक्या एकमेकींपासून वेगळ्या दाखवायच्या, आणि त्या सामान्य प्रेक्षकालाही वेगळ्या ऐकू आल्या पाहिजेत. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद त्यांनी दोनदा बांधलं. पंडितजींसाठी धानी रागात, संथ, प्रत्येक शब्दाला श्वास देत. खाँसाहेबांसाठी, म्हणजे ती भूमिका करणाऱ्या वसंतराव देशपांड्यांसाठी, सालगवराळीत, द्रुत, तानांनी सपासप चालणारं. शब्द तेच, पदातला भुंगा तोच. पहिल्यात तो फुलाशी रेंगाळतो, दुसऱ्यात झडप घालतो. सालगवराळी मराठी नाट्यश्रोत्यांच्या कानाला तेव्हा सरावाचा राग नव्हता. तरी नाटक सुटून घरी जाताना लोक तो गुणगुणू लागले.

चार घरांत शिकलेल्या माणसालाच हे जमू शकतं. घराण्यांतला फरक त्यांनी पुस्तकातून घेतला नव्हता. निरनिराळ्या उस्तादांसमोर तंबोरा घेऊन बसताना तो त्यांनी अंगावर झेललेला होता. तरुणपणी ज्यासाठी कुणी नाकं मुरडली असतील, तीच गोष्ट ‘कट्यार’मध्ये कामी आली.

१९६८मध्ये ‘हे बंध रेशमाचे’ आलं. शांता शेळक्यांचं ‘काटा रुते कुणाला’ त्यातलं. त्याच वर्षी जगन्नाथबुवा पुरोहित गेले. अभिषेकींकडे तोवर स्वतःचे शिष्य येऊ लागले होते आणि त्यांत गोव्याची मुलं होती. प्रभाकर कारेकर त्यांतलेच एक. हद्दीवर आता परवाना लागत नव्हता. सोमवारी मंगेशाच्या पालखीला बुवा जमेल तेव्हा येत, आणि मंडपात कीर्तन उभं असलं तर पुढच्या ओळीत जाऊन बसायला त्यांना कुणाचं बोलावणं लागत नसे.