चौदाव्या दुरुस्तीचे वकील: जॉन बिंगहॅम

अमेरिकी घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचे मूळ बाल्टिमोर बंदरातल्या एका धक्क्यापर्यंत जाते. रस्ते बांधताना शहराने ओढे वळवले, गाळ साचून पाणी उथळ झाले आणि धक्क्याला जहाजे लागेनाशी झाली. मालक बॅरन यांनी हक्कांच्या सनदेच्या, म्हणजे घटनेच्या पहिल्या दहा दुरुस्त्यांच्या आधारे भरपाई मागितली. १८३३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की या सनदेचे बंधन फक्त केंद्र सरकारवर आहे, राज्यांवर नाही. म्हणजे एखाद्या राज्याने गुलामगिरीविरोधी माणसाचे तोंड दाबले, तरी त्याला या सनदेवर बोट ठेवून दाद मागता येत नव्हती.

ही फट बुजवण्याचा ध्यास घेतला तो ओहायोतल्या कॅडिझचे वकील आणि प्रतिनिधिगृहाचे सदस्य जॉन बिंगहॅम (१८१५-१९००) यांनी. १८६६ चे नागरी हक्क विधेयक त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे. हेतू मान्य असूनही त्यांनी विरोधात मत दिले, कारण असा कायदा करण्याचा अधिकार घटनेने काँग्रेसला (अमेरिकी संसदेला) दिलेलाच नाही, आधी घटना बदला, असे त्यांचे म्हणणे होते. हा काटेकोरपणाच पुढे कामी आला.

फेब्रुवारी १८६६ मधला त्यांचा पहिला मसुदा मात्र अडला. त्यात समान संरक्षणासाठी कायदे करण्याचा अधिकार काँग्रेसला दिला होता. पण उद्या बहुमत फिरले तर तेच कायदे रद्द होतील, हा आक्षेप बिनतोड होता. मग बिंगहॅम यांनी रचनाच उलटवली: कोणतेही राज्य कोणाही व्यक्तीला कायद्याचे समान संरक्षण नाकारणार नाही. आता मनाई थेट घटनेत आली आणि अंमलबजावणीचा अधिकार शेवटच्या, पाचव्या कलमात गेला. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १४ मधले ‘कायद्याचे समान संरक्षण’ इथूनच आले आणि तिथेही वाक्य राज्यावरच्या मनाईचेच आहे.

जुलै १८६८ मध्ये ३७ पैकी २८ राज्यांची संमती मिळून दुरुस्ती लागू झाली. पण तिच्यातले नागरिकांच्या विशेष हक्कांचे जे वाक्य बिंगहॅम यांना सर्वांत महत्त्वाचे वाटे, ते १८७३ मध्ये न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी जवळजवळ निकामी केले. त्याच वर्षी ते जपानमध्ये अमेरिकेचे राजदूत म्हणून गेले आणि १८८५ पर्यंत तिथेच होते.

राज्यांवर सनद लागू झाली ती याच दुरुस्तीतल्या ‘रीतसर कायदेशीर प्रक्रिये’च्या वाक्यातून, एकेक हक्क करत: १८९७ मध्ये मालमत्तेची भरपाई, १९२५ पासून भाषणस्वातंत्र्य. गंभीर गुन्ह्यात ग्रँड ज्युरीकडूनच (खटला चालवावा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाकडूनच) आरोप ठेवला जाण्याचा हक्क राज्यांवर आजही बंधनकारक नाही.