तळं, पाणथळ की होल्डिंग पाँड? नेरूळच्या एका आशेची पार्श्वभूमी

आपल्याकडे काही बदलणार नाही असं कोणी बोललं की मी त्याला नवी मुंबईतल्या नेरूळचं डीपीएस तळं दाखवायला नेतो. ३० एकराचा चिखल आणि पाणी, बाजूला टॉवर. एप्रिल २०२५ मध्ये हे तळं फ्लेमिंगोंसाठी संवर्धन राखीव करायला राज्य पातळीवर मंजुरी मिळाली. नवी मुंबई कशी वसली आणि फ्लेमिंगो इथे काय खायला येतात हे सगळ्यांना माहितीये, त्यात जात नाही. खरी मारामारी झाली ती अशा जागेला म्हणायचं काय, या शब्दावर.

जुनं थोडक्यात सांगतो. इथे खाजण होतं, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी खाडीकाठची जमीन. आगरी-कोळी लोकांनी बांध घालून खाऱ्या जमिनीत भात काढला, पलीकडे मिठागरं, आणि बांध फुटला की अख्खं गाव धावायचं. १९७० नंतर जमिनी संपादनात गेल्या, शेतीच गेली मग बांध कोण बघणार, भरतीचं पाणी आत शिरत राहिलं आणि कांदळवन, म्हणजे मॅन्ग्रोव्हची झाडं, पसरलं. म्हणजे आज आपण ज्याच्यासमोर सेल्फी काढतो त्यातलं बरंचसं दुर्लक्षातून उगवलंय. पक्षीवाल्या मित्रांना हे ऐकायला आवडत नाही, पण आहे तसं.

मग कोर्ट. ऑक्टोबर २००५ ला हायकोर्टाने कांदळवन तोडायला बंदी घातली आणि भोवतीच्या ५० मीटरात बांधकाम नको म्हणून सांगितलं. सप्टेंबर २०१८ च्या निकालात तर कांदळवन तोडणं म्हणजे लोकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला, असं म्हटलं. झाडं वाचली. पण झाड नसलेल्या उथळ पाण्याचं काय? फ्लेमिंगोला तर तेच लागतं.

इथे आला "पाणथळ" हा शब्द. ऐकायला सोपा, पण २०१७ च्या केंद्राच्या नियमांत पिण्याच्या पाण्यासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी, सिंचनासाठी, करमणुकीसाठी माणसाने केलेले पाणसाठे पाणथळीतून वगळलेत, भातशेतीसुद्धा वगळलीय. आता खाडीकाठचा कुठलाही तुकडा घ्या, कधी ना कधी कोणीतरी तिथे बांध घातलेला असतोच! म्हणजे ज्याला भराव टाकून ती जागा बुजवायचीय तो म्हणणार हे मानवनिर्मित आहे, जुनं मिठागर आहे, आणि सकाळी कॅमेरा घेऊन आलेला म्हणणार की मिठागर बंद पडून किती वर्षं झाली, आता भरती-ओहोटी चालते तर पाणथळच. त्यात आपल्या शहरात होल्डिंग पाँड हा तिसरा प्रकार. बरेच नोड, म्हणजे शहराचे विभाग, भरतीच्या पातळीच्या खाली आहेत म्हणून भरतीला झडपा बंद, पावसाचं पाणी पाँडात साठतं, ओहोटी लागली की बाहेर. त्या पाँडातही कांदळवन वाढलं, आता गाळ काढायचा तर झाडं आडवी येतात आणि नाही काढला तर पावसाळ्यात रस्ते तुंबतात. गावातल्या लोकांचा रागही खोटा नाही, आमची शेतं गेली, जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्के भूखंडांसाठी आम्ही चपला झिजवल्या आणि आता आमच्याच खाजणाला तुम्ही बाहेरून येऊन नवीन नाव देता, असं मला एका काकांनी तोंडावर सुनावलंय. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी माझा कल पाण्याकडेच आहे, लपवत नाही.

नोव्हेंबर २०१८ ला सीवूड्सच्या पाणथळीवरचा गोल्फ कोर्स आणि इमारतींचा प्रकल्प हायकोर्टाने रद्द केला, प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टात गेलं. २०२२ मध्ये ठाणे खाडीचं ६,५०० हेक्टरच्या आसपासचं क्षेत्र रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आलं. पण डीपीएस तळं या सगळ्यात अधांतरीच. २०२४ ला तर हद्द झाली, खाडीतून पाणी यायच्या वाटा बुजल्या, तळं सुकत गेलं आणि काही फ्लेमिंगो मेले. तेव्हा जे झालं त्यावर माझी सगळी आशा उभी आहे. मोर्चे काढणाऱ्या ठरावीक चेहऱ्यांसोबत मॉर्निंग वॉकवाल्या काकू, शाळकरी पोरं, कधी तक्रार न लिहिलेले बँकेतले रिटायर्ड लोक उभे राहिले, आणि त्यांना पाईप कुठे बुजलाय, भरती किती वाजता, सगळं पाठ होतं.

देशाच्या वन अहवालात राज्याचं कांदळवन २०१३ ला १८६ चौरस किमी होतं, २०२१ ला ३२४. यातली काही वाढ मोजण्याच्या पद्धतीची असेल, आणि २०२३ च्या अहवालात आकडा थोडा उतरलाय, हेही मान्य. काकांना मात्र मी अजून तळ्यावर आणू शकलेलो नाही. चिखल बघायला काय यायचं, म्हणतात, लहानपणी त्यातच चिंबोऱ्या पकडल्या.