व्हायरॉलॉजी (नियतकालिक)

व्हायरॉलॉजी : केवळ विषाणूंच्या अभ्यासाला वाहिलेले तज्ज्ञपरीक्षित इंग्रजी संशोधन-नियतकालिक. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या अकॅडेमिक प्रेसने ते सुरू केले. आता ते एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेकडे आहे.

विषाणुविज्ञानाचे पहिले नियतकालिक असा याचा उल्लेख आढळतो. तो इंग्रजीपुरताच खरा मानावा. रॉबर्ट डोअर यांचे जर्मन नियतकालिक ‘आर्किव्ह फ्यूर डी गेझाम्टे व्हीरूसफोर्शुंग’ व्हिएन्नाहून १९३९ मध्येच निघाले होते. १९७५ पासून त्याचे नाव ‘आर्काइव्ह्ज ऑफ व्हायरॉलॉजी’. ‘ॲडव्हान्सेस इन व्हायरस रिसर्च’ (१९५३) हेही आधीचे, पण त्यात आढावा-लेख येत, नवे प्रयोग नव्हेत. त्यामुळे ते या वादात न धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

‘व्हायरॉलॉजी’ निघण्यापूर्वी विषाणूंवरील बहुतेक लेख वैद्यक, वनस्पतिरोग व जीवाणुविज्ञान यांच्या नियतकालिकांत विखुरलेले असत. संस्थापक संपादकांची निवडच बोलकी आहे : इन्फ्ल्यूएंझा विषाणूमुळे तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या होतात हे १९४१ मध्ये दाखवणारे जॉर्ज हर्स्ट, वनस्पति-विषाणूंचे अभ्यासक लिंडसे ब्लॅक आणि जीवाणुभक्षकांवर (जीवाणूंना संसर्ग करणाऱ्या विषाणूंवर) काम करणारे साल्वाडोर लुरिया.

मोजमापाच्या पद्धती हे याचे मोठे योगदान होय. टेमिन व रुबिन यांनी १९५८ मध्ये राउस सार्कोमा या कोंबड्यांत कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची मोजणी कोंबडीच्या भ्रूणपेशींच्या थरावर, त्याने बदललेल्या पेशींचे पुंजके मोजून केली. ग्रॅहम व व्हान डर एब यांची १९७३ ची पद्धत ॲडिनोव्हायरस ५ या मानवी विषाणूच्या डीएनएची संसर्गक्षमता मोजण्यासाठी होती. नंतर ती पेशींत कोणताही डीएनए घालण्यासाठी सर्वत्र रूढ झाली. फॉस्फेटयुक्त क्षारद्रावणात डीएनए घेऊन कॅल्शियम सुमारे १२५ मिलिमोलरपर्यंत (मिलिमोलर हे संहतीचे एकक) वाढवले की बारीक साका (न विरघळणारे कण) बनतो व डीएनएसह पेशींत शिरतो. द्रावणाचा पीएच (आम्लतेचा मापांक) ७.०५ च्या आसपास हवा. तो घसरला तर साका धरत नाही, चढला तर जाड गोळे होतात आणि पेशी ते घेत नाहीत. पद्धत फसते ती बहुधा इथेच.

हस्तलिखित संपादकाने प्राथमिक चाळणीत ठेवले, तर ते तज्ज्ञ परीक्षकांकडे जाते. परीक्षकाची नजर आधी आकड्यांकडे वळते. दहा लाख पट पातळ केलेल्या (१०⁻⁶ विरलनाच्या) विषाणू-द्रावणाचे ०.१ मिलि. पेशींच्या थरावर टाकून ६० प्लाक (विषाणूने पेशी मारल्यामुळे थरात पडलेले डाग) मिळाले, तर मूळ द्रावणात मिलिलिटरला ६० कोटी संसर्गक्षम एकके होतात. १०-१५ प्लाकांवर काढलेला टायटर (मिलिलिटरमागील विषाणूंची संख्या) मात्र डळमळीत ठरतो. पेशीमागे सरासरी एक एकक टाकून ‘सर्व पेशी संसर्गित’ म्हणणे ही नेहमीची चूक : विषाणू पेशींवर यदृच्छेने विखुरतात, म्हणून पॉयसाँ वितरण या संख्याशास्त्रीय नियमानुसार ३७ टक्के पेशी कोऱ्या राहतात. पाच एकके टाकली, तर हे प्रमाण ०.७ टक्क्यांवर येते. पीसीआरने (जनुकद्रव्याच्या प्रती वाढवून मोजण्याच्या तंत्राने) मोजलेल्या जीनोम-प्रतींनाही संसर्गक्षम विषाणू समजू नये. अनेक कण सदोष असल्याने हे दोन्ही आकडे स्वतंत्रपणे द्यावे लागतात.