विलायतेचे टपाल एका आण्यात: आगबोटीच्या हशिलाची पार्श्वभूमी

१८९१ च्या आरंभी हिंदुस्थानच्या टपाल खात्याने साडेचार आण्यांच्या हिरव्या तिकिटांवर अडीच आण्यांचा आकडा छापून ती विक्रीस काढली. इंग्लंडला जाणाऱ्या पत्राचे हशील, म्हणजे टपालाचा दर, दोन आण्यांनी उतरले होते आणि नव्या किमतीचे तिकीट अजून तयार नव्हते. त्या वर्षी आगबोटींचा वेग काही एकाएकी वाढला नव्हता, की कोळसाही अर्ध्या किमतीत मिळू लागला नव्हता. उतरला तो फक्त दर. समुद्रापार जाणाऱ्या पत्राचे हशील प्रत्यक्ष वाहतुकीच्या खर्चावरून क्वचितच ठरले. आगबोटीच्या मक्त्याचे, म्हणजे टपाल नेण्याच्या कराराचे, पैसे कोणत्या तिजोरीने द्यायचे, या वादातून ते ठरत आले.

शिडाच्या जहाजांच्या काळात हा प्रश्न तुलनेने सोपा होता. जहाज मालासाठी निघतच असे. पत्रांची थैली त्यावर चढवली की काम भागे. १८१५ साली ब्रिटिश पार्लमेंटने हिंदुस्थानसाठी नियमित टपालजहाजांची सेवा काढून एका कागदाच्या पत्राला साडेतीन शिलिंग असा जबर दर लावला, पण ती योजना टिकली नाही. चारच वर्षांत नवा कायदा झाला आणि हिंदुस्थानातून येणाऱ्या तीन औंसांपर्यंतच्या पत्राला समुद्रप्रवासाचे अवघे चार पेन्स पडू लागले. दर स्वस्त, पण पत्र केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-सहा महिन्यांनी पोचणार.

आगबोट आली आणि हा हिशेब पार बदलला. मुंबईच्या गोदीत नौरोजी जमशेटजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझकडे निघाली; कालव्याआधी टपाल तेथून इजिप्तमधून जमिनीवरून भूमध्य समुद्राकडे जाई. तिच्यात साडेपाच दिवसांच्या कोळशाची सोय होती, आणि एडनपर्यंतची मजल त्याच्या जवळपास दुप्पट दिवसांची होती. त्यामुळे उतारूंच्या खोल्यांतही कोळसा भरावा लागला, आणि एडनला पोचली तेव्हा जेमतेम सहा तासांचा कोळसा उरला होता. सुएझला ती एप्रिलच्या उत्तरार्धात लागली. प्रवास यशस्वी झाला, पण एवढ्या कोळशाचे पैसे थैलीतल्या पत्रांवरून निघणे अशक्य होते, आणि लंडनमधील ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी खर्चाबद्दल नापसंती कळवली. पुढे जानेवारी १८३९ मध्ये ब्रिटिशांनी एडन घेतले, त्यामागच्या कारणांत कोळशाच्या वखारीची गरज हे एक ठळक कारण होते.

याच सुमारास इंग्लंडमध्ये टपालसुधारक रोलंड हिल यांनी एक पेनीचे टपाल सुरू करवले. लंडनहून एडिंबरोला पत्र नेण्याचा वाहतूकखर्च पेनीच्या छत्तिसाव्या भागाइतका आहे, खरा खर्च पत्रे गोळा करण्यात, हिशेब ठेवण्यात आणि वाटण्यात होतो, म्हणून अंतरानुसार दर लावण्यात अर्थ नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. लॉर्ड डलहौसींच्या कारकिर्दीत ऑक्टोबर १८५४ पासून हिंदुस्थानातही तोच न्याय लागू झाला आणि पाव तोळ्याचे पत्र देशात कोठेही अर्ध्या आण्यात जाऊ लागले. समुद्रावर मात्र हे गणित लंगडे पडे. १८४० च्या दशकात सुएझ ते कलकत्ता आणि पुढे चीन या मार्गांसाठी पी अँड ओ या ब्रिटिश आगबोट कंपनीला सरकारी अनुदान म्हणून वर्षाला १,६०,००० पौंड मिळत होते. ही रक्कम पत्रांच्या संख्येने भागली असती, तर विलायतेला पत्र पाठवणे केवळ पेढीवाल्यांना आणि बड्या साहेबांनाच परवडले असते.

मुंबई-सुएझ मार्ग ईस्ट इंडिया कंपनीने हट्टाने स्वतःकडे ठेवला होता. त्यावर तिचा वर्षाला लाखभर पौंड खर्च होई आणि सेवा बेभरवशाची होती. एकदा तर मुंबईचे टपाल एडनहून अरबी शिडाच्या गलबताने पुढे पाठवावे लागले आणि ते गलबत टपालासह बुडाले. अखेर १८५४ मध्ये पी अँड ओने हाच मार्ग वर्षाला २४,७०० पौंडांत चालवायला घेतला. या फरकाचे श्रेय एकट्या कार्यक्षमतेला देता येत नाही, कारण पी अँड ओला दुसऱ्या मार्गांचे अनुदान आधीच मिळत होते.

मार्गानुसारही हशील बदले. साउथॅम्प्टनमार्गे समुद्रातून जाणाऱ्या अर्ध्या औंसाच्या पत्राला सहा पेन्स, म्हणजे दोन शिलिंगांचा (चोवीस पेन्सचा) रुपया धरून चार आणे पडत. मार्सेलमार्गे गेल्यास काही दिवस वाचत, पण फ्रान्सला वाटहशील द्यावे लागे आणि दर दहा पेन्सवर जाई. दहा पेन्स म्हणजे सहा आणे आठ पै (बारा पैंचा एक आणा). या विचित्र किमतीचे तिकीट १८६७ मध्ये खरोखरच छापले गेले. त्याआधी १८६० मध्ये आठ पैचे जांभळे तिकीट निघाले होते, तेही याच जातीचे: गोऱ्या शिपायाला घरी पत्र पाठवण्यासाठी एक पेनीची सवलत होती आणि पेनीचे आठ पै होत. तिकिटावरच्या किमती इतक्या अडनिड्या का, याचे उत्तर विलायती नाण्यांत आहे.

१८६८ मध्ये नव्या मक्त्यानुसार आठवड्याला टपाल सुरू झाले, मुंबई हे साऱ्या हिंदुस्थानच्या विलायती टपालाचे बंदर ठरले, आणि वाढलेले अनुदान भरून काढण्यासाठी सहा पेन्सचा दर नऊवर गेला. सेवा सुधारली तेव्हा दर चढला, ही गोष्ट त्या वेळच्या व्यापाऱ्यांना रुचणे कठीणच होते. पुढच्याच वर्षी सुएझ कालवा खुला झाला, तरी काही वर्षे आगबोटी कालव्यातून जात असतानाही टपाल मात्र करारातील अटीमुळे अलेक्झांड्रियाला उतरवून रेल्वेने सुएझला नेले जाई आणि तेथे पुन्हा बोटीवर चढवले जाई.

१ जुलै १८७६ रोजी हिंदुस्थान जागतिक टपाल संघात दाखल झाला. संघाचा सर्वसाधारण दर पंचवीस सेंटिम (फ्रँकचे शंभरावे भाग), म्हणजे अडीच पेन्सच्या आसपास होता. पण तीनशे सागरी मैलांहून लांबच्या वाहतुकीवर जादा आकारणीची मुभा होती आणि ती हिंदुस्थानच्या बाबतीत पुरेपूर वापरली गेली. आनंदीबाई जोशी १८८३ ते १८८६ या काळात फिलाडेल्फियाहून पत्रे लिहीत होत्या तो हाच काळ. ती पत्रे ज्यांच्या नावे येत, ते गोपाळराव स्वतः टपाल खात्यातच नोकरीला होते. साडेचार आण्यांचे तिकीट १८८६ मध्ये निघाले आणि पाचच वर्षांत, ब्रिटिश सरकारने सर्व वसाहतींसाठी अडीच पेन्सचा दर ठरवल्यावर, त्याच्यावर नवा आकडा छापण्याची वेळ आली.

अडीच पेन्सचे हिंदुस्थानात अडीच आणेच झाले, कारण मधल्या काळात चांदी घसरली होती. दोन शिलिंगांच्या रुपयात आण्याचे दीड पेन्स येत. १८९३ मध्ये लोकांनी आणलेल्या चांदीची नाणी पाडून देणे टांकसाळींनी बंद केले आणि १८९८ च्या सुमारास रुपया सोळा पेन्सवर स्थिरावला, तेव्हा आणा आणि पेनी बरोबरीला आले. त्याच वर्षी स्वस्त टपालासाठी झटणारे ब्रिटिश खासदार हेनिकर हीटन यांच्या दीर्घ खटपटीला यश येऊन २५ डिसेंबरपासून साम्राज्यांतर्गत एक पेनीचे टपाल सुरू झाले. हिंदुस्थान त्यात पहिल्या दिवसापासून होता, ऑस्ट्रेलियाच्या वसाहती मात्र उत्पन्न बुडेल या भीतीने काही वर्षे बाहेर राहिल्या. पी अँड ओचे अनुदान अर्थातच चालू होते, ते करदात्यांकडून भरले जात होते. पण मुंबईच्या टपाल कचेरीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला आता लंडनसाठी अर्ध्या औंसाला एक आणा मोजावा लागत होता, आणि तेवढ्याच वजनाचे पत्र पुण्याला पाठवायचे तरी एक आणाच.