व्यवस्थापनातील कामगार-सहभाग (सोलापूर)

कामाचा भार, पाळ्या, यंत्रांची मांडणी, सुरक्षितता, तयार मालाची तपासणी अशा बाबींचे निर्णय होताना ते काम करणाऱ्यांना हक्काने मत मांडता यावे, यासाठी कामगारांनी संघटित होऊन उभारलेली किंवा कायद्याने घालून दिलेली व्यवस्था म्हणजे व्यवस्थापनातील कामगार-सहभाग. संविधानात 42व्या दुरुस्तीने (1976) आलेला अनुच्छेद 43-क राज्याला त्यासाठी पावले उचलण्यास सांगतो; मात्र तो मार्गदर्शक तत्त्वांपैकी असल्याने त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नाही.

औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 च्या तिसऱ्या कलमानुसार 100 किंवा त्याहून अधिक कामगारांच्या आस्थापनेत सरकारला कार्य समिती नेमण्याचा आदेश देता येत असे आणि तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असू नयेत, अशी अट होती. ही समिती वाटाघाटींत संघटनेची जागा घेऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्ये नॉर्थब्रूक ज्यूट कंपनीच्या खटल्यात स्पष्ट केले. औद्योगिक संबंध संहिता, 2020 मध्येही 100 ची मर्यादा कायम आहे, आणि सोलापूरच्या दृष्टीने कळीचा मुद्दा हाच आकडा ठरतो.

सोलापुरातील कापडगिरण्यांना ही मर्यादा आड येत नव्हती. ‘जुनी मिल’ या नावाने ओळखली जाणारी गिरणी 1877 मध्ये सुरू झाली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी या गिरण्यांभोवती कामगारवस्ती वाढली. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, 1946 खाली किमान 25 टक्के सभासद असलेल्या संघटनेला प्रातिनिधिक संघटनेचा दर्जा मिळे व कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिच्याकडे जाई. हा दर्जा गुप्त मतदानाने ठरत नसे. सभासदवही व वर्गणीच्या पावत्या तपासून ठरवला जाई. त्यामुळे खात्यात बसलेल्या साध्या कामगाराचा आवाज त्या दर्जातून कितपत उमटे, अशी शंका रास्तच आहे.

विडी उद्योगात प्रश्न वेगळ्याच जागी येतो. शहरातील विडी कामगार प्रामुख्याने स्त्रिया असून त्यांत तेलुगूभाषक मोठ्या संख्येने आहेत. ठरावीक मापाचे पान-तंबाखू घरी नेऊन, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या आणि जुड्या बांधून कारखान्याच्या शाखेत द्यायच्या, असा हा क्रम. तेथे तपासणारा जुडी हातात घेऊन सैल, आखूड किंवा फाटक्या पानाच्या विड्या बाजूला काढतो. हीच ‘छाट’. मजुरी हजार विड्यांच्या दराने मिळत असल्याने छाटीत गेलेली प्रत्येक विडी त्या स्त्रीच्या मजुरीतून वजा होते, आणि पानच खराब निघाले तर ठरलेली संख्या भरून काढण्यासाठी पदरचे पैसे मोडून पान आणावे लागते. मजुरीचा दर कागदावर कितीही असो, हातात काय पडणार हे बरेचसे या टेबलावर ठरते. विडी व सिगार कामगार अधिनियम, 1966 च्या कलम 39 मध्ये कच्च्या मालाचे वाटप, विड्या नाकारणे आणि नाकारलेल्या विड्यांची मजुरी यांवरील तंटे संक्षिप्त रीतीने मिटवण्याची तरतूद होती. पण तंट्याला वाट मिळणे वेगळे आणि चांगली विडी कोणती हे ठरवताना वळणारीला विचारणे वेगळे. कार्य समितीची कल्पना एका छताखालच्या कारखान्यासाठी असल्याने घरी वळणाऱ्या स्त्रीपर्यंत ती पोचत नाही. चादर-टॉवेलच्या यंत्रमागांचीही हीच गत आहे, कारण माग लहान लहान शेडमध्ये विखुरलेले आहेत.

परिणामी येथील संघटन कामाच्या जागेबाहेर, वस्तीत आणि मोर्चात वाढले. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार स्त्रियांनी घरांसाठी दीर्घ लढा दिला; आदिवासींच्या लढ्यातील नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेतून सोलापूरजवळच्या कुंभारी येथे सुमारे 10,000 घरे उभी राहिली व 2006 मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचे हस्तांतरण झाले. सहकारी संस्थेत प्रत्येक सभासदाला एक मत असते. कारखान्याच्या शाखेत असे मत कुणालाच नाही. केरळातील कण्णूर येथे 1966 च्या अधिनियमाची अंमलबजावणी होताच मालकांनी कारखाने बंद केले, तेव्हा बेकार झालेल्या कामगारांनी 1969 मध्ये ‘दिनेश बीडी’ ही उत्पादक सहकारी संस्था काढली. तेथे उत्पादनाची व्यवस्थाच कामगारांच्या संस्थेकडे आली. सोलापुरात सहकाराचा हा मार्ग निवाऱ्यासाठी वापरला गेला. विडीची छाट कारखानदाराच्याच माणसाकडे राहिली.